फिर बघू!

तर्जनी हवेत उचलायची, तिचं एक छोटंसं वर्तुळ काढायचं आणि म्हणायचं, “फिर बघू!” आमच्या सिस्टरची ही खूण ज्यानं पाहिली नाही, त्यानं आमचं हॉस्पिटल पाहिलंच नाही, असं मी खुशाल म्हणेन. मुलुंडकडचं हॉस्पिटल, त्यातला कोरोनाचा वॉर्ड, आणि वॉर्डाच्या दारात ही कणकवलीकडची ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. किट चढवलेल्या प्रत्येकानं तिच्यासमोर हात वर करून गिरकी घ्यायची. मास्क गालावर जरा सैल दिसला की “अजून एकदा!” एकदा हॉस्पिटलचे मोठे साहेब पाहणीला आले. आम्ही श्वास रोखून बघत होतो. तिनं बोट फिरवलं. साहेब फिरले, आणि “सर, अजून एकदा” ऐकून निमूटपणे पुन्हाही फिरले!

मी एक्स-रे टेक्निशियन. चाकांवरचं मशीन ढकलत पेशंटच्या खाटेपर्यंत न्यायचं हे माझं काम. घाटकोपरला घरी बायकोला सातवा लागलेला. वॉर्डात शिरायची भीती नव्हती, वॉर्डातून घरी जायची होती. सिस्टरला तसं सांगितलं तर म्हणाली, “माझ्या दारातून आजार कोणाच्या घरी जायचा नाय. पण मी सांगीन तसंच उतरवायचं!”

उतरवायचं म्हणजे किट. घालताना सगळेच जपून असतात, घात होतो तो थकल्यावर उतरवताना, असं तिचं ठाम मत. म्हणून वॉर्ड सुरू व्हायच्या आधी तिनं कांजूरमार्गच्या आपल्या चाळीतून गणपतीचा उरलेला गुलाल आणला आणि किट घालून जोडीजोडीनं उभ्या केलेल्या आम्हा सगळ्यांवर मुठीमुठीनं उधळला. “हा आजार. आता अंगाला न लावता बाहेर या. जी जोडी कोरी येईल तिला मालवणी खाजा!”

काय धमाल उडाली म्हणून सांगू! कोणाच्या मानेला गुलाल, कोणाच्या कोपराला, एकीच्या तर थेट दातांना. मी स्वतःवर खूश होऊन बाहेर आलो, तर चष्म्याच्या दांडीपासून कानापर्यंत लाल रेघ.

“मेलास,” सिस्टर म्हणाली. “आणि घरी जाऊन बायकोच्या गालाला लावलास.”

सगळे हसले. माझा जोडीदार एक तरुण डॉक्टर होता. एकानं उतरवायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून पुढचं पाऊल मोठ्यानं सांगायचं, असा तिचा नियम. आम्ही दोघं इरेला पेटलो. पुन्हा गुलाल, पुन्हा किट, पुन्हा घामाच्या धारा. अखेर एकदाचे कोरे बाहेर आलो, तेव्हा त्या डॉक्टरनं मॅच जिंकल्यासारखी आरोळी ठोकली. इतका गोड खाजा मी आजवर खाल्लेला नाही.

वॉर्ड सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत एका रिक्षावाल्या पेशंटचा ऑक्सिजन घसरायला लागला. हा डॉक्टर नुसत्या मास्कवर आत धावायला निघाला. सिस्टर दारात आडवी उभी!

“सिस्टर, तो जाईल ना!”

“आत माझ्या दोन पोरी आहेत, त्या बघतायत. तू किट चढव आधी. तू आडवा पडलास तर उद्याच्याला कोण बघणार, मी?”

बोलता बोलता तिचे हात भराभर चालत होते. गाऊन, गॉगल, ग्लोव्हज. बोट फिरलं, तो फिरला आणि आत पळाला. रिक्षावाला वाचला. डॉक्टर दिवसभर तिच्याशी बोलला नाही, पण त्यानंतर गिरकी घ्यायला सगळ्यांत पुढे तोच असायचा.

मग गणपती आले. कोकणातली माणसं आणि गणपतीला गावी नाहीत, ही कल्पना तरी करता येते का? सिस्टरला राहवलं नाही. तिनं उकडीचे मोदक करून आणले. चहाच्या इवल्याशा खोलीत सगळे दाटीवाटीनं जमले, मास्क हनुवटीवर आले, टाळ्यांच्या गजरात आरती झाली. मी वरच्या मजल्यावर मशीन घेऊन अडकलो होतो, म्हणून माझा मोदक वाटीत झाकून ठेवला होता.

दोन-तीन दिवसांत सिस्टरला ताप भरला. आरतीतल्या आणखी दोघींनाही. त्या दोघी लवकर बऱ्या झाल्या. सिस्टर मात्र आमच्याच वॉर्डात, काचेलगतच्या खाटेवर.

मशीन घेऊन मी तिच्यापाशी गेलो. “माझ्याच हातान झाला रे,” ती ऑक्सिजनच्या मास्कमधून पुटपुटली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती. तिनं हातानंच विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, “झकास.” तिला कळलं असणारच.

काचेपलीकडे किट उतरवायची खोली. गाऊन निघाला, गॉगल निघाला आणि मला रडू आवरेना. समोरचा डॉक्टरही तिच्याकडेच बघत राहिलेला, पुढचं पाऊल सांगायचं विसरला. डोळे पुसायला मी हात वर नेला. आतला ग्लोव्ह अजून हातातच होता.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

सिस्टर स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटत होती. माझा हात गालापाशी थांबला. मी ग्लोव्ह उतरवला, हात धुतले, मग पोटभर रडलो. काचेपलीकडे ते बोट हळूहळू वर आलं आणि फिरलं. मी हात वर करून गिरकी घेतली. तिनं पुन्हा फिरवलं. मी पुन्हा घेतली.

ती बरी झाली! स्वतःच्या पायांनी दारातून बाहेर आली तेव्हा आम्ही गुलाल घेऊन उभेच होतो, प्रत्येकजण हातभर अंतरावर, मास्क घट्ट. डॉक्टरनं बोट हवेत उचललं. “सिस्टर, फिर बघू!” हात वर करून ती फिरली, आणि आम्ही तिला नखशिखांत लाल करून टाकलं.

पुढे ती निवृत्त होऊन गावी गेली. आमची मुलगी आता शाळेत जाते. तो वॉर्ड आता टीबीचा आहे. दारापाशी, सिस्टर उभी राहायची तिथे, आता मोठा आरसा लावलाय. किट चढवून मी त्याच्यासमोर हात वर करतो, फिरतो. सगळं नीट असतं. थोडा वेळ तसाच थांबतो. “अजून एकदा” म्हणायला कोणी नसतं.

मी अजून एकदा फिरतो आणि आत जातो.