तोंड मोठं करून सांग

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीमागे अशी चार खाती होती, आणि त्यातल्या एकात माझी माय बॉबिन भरायला जायची. खात्यात शिरलं की पहिल्या मिनिटाला कान बधिर होतात. तिथे बोलणं कानांनी नाही, डोळ्यांनी चालतं. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं आणि समजून घ्यायचं. पाच लूम पलीकडचा माणूस चहाला बोलावतोय की शिवी देतोय, हे खात्यातल्या कुणालाही ओठांवरून बरोबर कळतं. महत्त्वाचं काही असलं तर तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, दोनदा सांगायचा तिथला रिवाज होता. नव्या माणसाला पहिली शिकवण हीच मिळायची, की तोंड मोठं करून सांग.

माय पंधरा वर्षं तिथे होती. तिचे कान हळूहळू गेले. आमच्याकडे कुणी त्याला आजार वगैरे म्हणत नसे. खात्यातल्या माणसाला ऐकू कमी येणारच, असं सगळे धरून चालत. कानाजवळ ओरडलं तर तिला काहीतरी कळे, बाकी सगळी भणभण. आम्ही घरात तिच्याशी खात्यातल्यासारखंच बोलायचो, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची आहे. मी कॉमर्स कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जाहिरात विषय शिकवणारे आमचे सर नव्या विचारांचे होते. त्यांनी सांगितलं की या वर्षी लेखी प्रकल्प नको, प्रत्येक गटानं तीन मिनिटांचा गाण्याचा व्हिडिओ करायचा. पण मार्क व्हिडिओला कमी आणि तयारीला जास्त. आधी आराखडा करा, तो लोकांना दाखवा, त्यांचं मत चिठ्ठ्यांवर घ्या, त्याप्रमाणे बदल करा, मग शूटिंग, आणि शेवटी पुन्हा लोकांचं मत. ग्राहकाला विचारल्याशिवाय माल बनवणारा व्यापारी बुडतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. सुरतेत हे वाक्य कुणालाही पटतं.

आमच्या गटात आम्ही तिघं. एक माझा गुजराती मित्र, ज्याचे मामा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे, म्हणजे कॅमेरा फुकट. दुसरी वर्गातली एक मुलगी, गरब्यात दरवर्षी बक्षीस घेणारी. आणि मी. माझ्याकडे काय होतं? तर गाणं.

गाणं मायचं होतं. तिनं स्वतः रचलेलं, अहिराणीत. तिचं माहेर शिरपूरकडे तापीकाठी, आणि तीच तापी पुढे सुरतेत येते. बॉबिन भरता भरता ती नदीला विचारायची:

तापी माय, तू मन्हा माहेरथून उनी,
सांग व माय, मन्ही माय काय म्हननी?

तू माझ्या माहेराहून आलीस, माझी आई काय म्हणाली ते सांग. पुढे चार कडवी. वाटेत कुणाची केळी लागली, कोणत्या घाटावर कोण धुणं धूत होतं, असं सगळं नदीला विचारलेलं. हे गाणं सगळ्या खात्याला माहीत होतं, आणि एकानंही ते तिथे ऐकलेलं नव्हतं. लूमच्या खडखडाटात तिचे ओठ हलताना तेवढे दिसायचे. लोक तिच्या ओठांवरून गाणं शिकले होते. घरी ती गात नसे. आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही तर चारचौघांत कशाला हसं करून घ्यायचं, असं तिचं म्हणणं.

मी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि तिला गायला सांगितलं. ती नाहीच म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "एकदाव लोकेस्ले ऐकू दे मन्हा आवाज."

एवढीच तिची अट म्हणा, इच्छा म्हणा. एकदा लोकांना माझा आवाज ऐकू दे. मग तिनं एक हात गळ्यावर ठेवला, सूर बोटांना लागतो का ते बघायला, आणि गायली. आवाज जाडसर होता, मधेच फाटायचा, एका जागी चाल सोडून भलतीकडे गेला आणि परत आला. मला लाज वाटली आणि रडूही आलं, दोन्ही खरं आहे. मी तिला तोंड मोठं करून सांगितलं, फार छान.

कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही चार्ट पेपरवर प्रसंग काढून लावले, कॅसेट वाजवली आणि चिठ्ठ्या वाटल्या. दोन प्रश्न, काय आवडलं आणि काय बदलावं. त्रेचाळीस चिठ्ठ्या परत आल्या, जवळजवळ सगळ्या गुजरातीत. फुकटचा सल्ला द्यायला आपल्या लोकांना कधी आळस नसतो. कुणाला बाईक पाहिजे होती, कुणाला गाणं हिंदीत. एकानं लिहिलं की नदी कशाला, बगीचा घ्या. पण चाल बहुतेकांना आवडली होती. आणि बहुतेकांनी एकच गोष्ट बदलायला सांगितली होती. अवाज घरडो छे, म्हणजे आवाज म्हातारा आहे. अवाज बदलो.

सरांनी फळ्यावर रेघा ओढल्या. आवाजापुढच्या रेघा दुसऱ्या ओळीत गेल्या. ते म्हणाले की बघा, लोकांनी तुमचं काम किती सोपं केलं. मी मान डोलावली. आवाज कुणाचा आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मित्रानं विचारलं तेव्हा गावाकडची कुणी बाई, असं म्हणालो होतो. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपल्यात म्हणतात. मी जनाचं ऐकलं आणि जनाचंच केलं, कारण मार्क जनाच्या हातात होते.

उधन्याला ऑर्केस्ट्राचा एक कीबोर्डवाला राहायचा. चाल समजावी म्हणून मी त्याला मायची कॅसेट नेऊन दिली. त्याच्या पार्टीतली गायिका गुणी होती, दोनदा ऐकून तिनं गाणं उचललं. अहिराणी शब्द तिनं जरा घासूनपुसून स्वच्छ केले. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानं विचारलं की कोरी कॅसेट आणलीय का. मी आणली नव्हती. तो म्हणाला, मग याच्यावरच करू? मी म्हणालो, करा. आज कुणी विचारलं तर मला तो क्षण आठवून सांगता येतो, पंखा कुठे होता, कीबोर्डवर कसलं कापड होतं. तेव्हा मात्र मी एका क्षणाचाही विचार केला नाही. मायला ऐकूच येत नाही, तिला कुठून कळणार, हे माझ्या डोक्यात आधीच बसलेलं होतं.

शूटिंग तापीच्या काठावर झालं. मुलीला मायनं आपली लग्नातली साडी दिली होती, ट्रंकेतून काढून, स्वतः इस्त्री करून. साडीत मुलगी फार सुंदर दिसली. नाचलीही झकास. घोडं अडलं ते शब्दांवर. अहिराणी तिच्या जिभेवर काही केल्या बसेना. 'मन्हा' म्हणताना ती हसून वाकडी व्हायची. उन्हं उतरायला लागली तशी मित्रानं मामांची युक्ती काढली. तो म्हणाला, गाणं म्हणूच नको, आकडे म्हण. एक, बे, त्रण, चार. तोंड हललं की झालं. लग्नाच्या कॅसेटमध्ये मामा सगळ्यांना असंच करायला लावतात, ओठांकडे कोण बघतं?

ओठांकडे कोण बघतं! हे मी ऐकलं. आयुष्यभर ओठ वाचणाऱ्या घरातला मुलगा मी, पण माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही. मुलगी आकडे म्हणत नाचली आणि आम्ही खूश होऊन वडापाव खायला गेलो.

व्हिडिओ तयार झाला. मामांनी मिक्सिंगमध्ये नदीवर दोन ठिकाणी बदामाचा आकार टाकला, ते नको म्हणायची आमची हिंमत झाली नाही. आता शेवटचं मत घ्यायचं होतं. सर म्हणाले की ही भाषा ज्यांची आहे त्यांना दाखवा, त्यांच्या चिठ्ठ्या आणा. मित्राच्या ओळखीनं आमच्या भागातल्या केबलवाल्यानं रविवारी दुपारी तीन वाजता व्हिडिओ लावायचं कबूल केलं. पाच मिनिटांच्या अंतरानं दोनदा.

आमच्या खोलीत त्या दुपारी गल्लीतल्या दहा-बारा बायका जमल्या. बहुतेक मायच्या खात्यातल्या, काही शेजारच्या. बापू, माझे वडील, ड्युटीवर होते. मायनं सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की टीव्हीवर आज माझं गाणं आहे. ती सगळ्यांत पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. मी दाराशी, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन. मायला ऐकू येणार नव्हतं, पण या बायकांतल्या निम्म्यांचे कान शाबूत होते आणि मायचा आवाज त्या रोज नळावर ऐकत होत्या. हे मला त्या क्षणी सुचलं. उंटावरचा शहाणा मी.

गाणं सुरू झालं. गोड, कोवळा, धुतलेला आवाज. एका शेजारणीनं चटकन वळून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरीनं. मी चिठ्ठ्या मोजायला लागलो.

मायचं लक्ष पडद्यावर होतं. मुलगी जवळून दिसली तशी ती पुढे वाकली, बारीक डोळ्यांनी बघत राहिली आणि हसली. म्हणाली, "हाई पोर गानं म्हनत नही. गिनती करी ऱ्हायनी." ही गाणं म्हणत नाहीये, आकडे मोजतेय. खात्यातल्या बाकी बायकांनीही नीट पाहिलं आणि खोलीत एकच हशा पिकला. एक जण मुलीच्या ओठांबरोबर मोठ्यानं मोजायलाच लागली, एक, बे, त्रण. पंधरा वर्षं बॉबिनं गुजरातीत मोजलेल्या बायका, त्यांना काय कठीण? मीही हसलो. वाटलं, सुटलो.

हसणं थांबलं तसं बायकांच्या चेहऱ्यांवरून मायच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती माझ्याकडे वळली.

"मन्हाच आवाज शे ना?"

मी म्हणालो, हो. माझे ओठ जेमतेम हलले असतील. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तोंड मोठं करीसन सांग."

बायकांतली कुणी पडद्याकडे बघेना, कुणी माझ्याकडे बघेना. मग मी खात्यात सांगतात तसं सांगितलं. तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द सुटा करून, दोनदा. तुझाच आवाज आहे. तुझाच आवाज आहे.

मायनं मान हलवली. तेवढ्यात गाणं दुसऱ्यांदा लागलं. ती उठली आणि तिनं टीव्हीच्या आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत फिरवलं. दार सताड उघडलं. बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला तिनं हातानं खूण केली, ऐक म्हणून. त्या परक्या गायिकेचा गोड आवाज पूर्ण गल्लीत घुमत राहिला आणि माय दारात उभी राहून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, कुणी काय म्हणतंय ते. शेवटी आमची शेजारीण, जिनं सगळ्यांत आधी माझ्याकडे वळून पाहिलं होतं, ती मायच्या समोर जाऊन तोंड मोठं करून म्हणाली की लई गोड गायलीस. त्या बाईचे उपकार मी कधी फेडू शकलो नाही. ती त्यानंतर माझ्याशी फारशी बोललीही नाही.

बायकांपैकी लिहिता येणाऱ्या दोघीतिघीच होत्या, म्हणून चिठ्ठ्या मीच लिहिल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. साडी छान, नाच छान, पोरीला गाणं शिकवा. सगळ्या गेल्यावर माय शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की माझीपण लिही. मी पेन धरला. तिनं मला ती साडी परत आणायची आठवण करून दिली.

मग म्हणाली, "लिख. आवाज बदलू नका."

मी माझ्या तोंडाकडे बघणारी तिची नजर टाळली आणि लिहिलं. ती माझ्यावर चिडली होती, की खरंच आवाजावर खूश होती, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. सोमवारी सरांनी चिठ्ठ्या मोजल्या आणि फळ्यावर आवाजापुढे एक रेघ ओढली. आमच्या गटाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. मायची साडी मी त्याच आठवड्यात परत आणली. कॅसेट अजून माझ्याकडे आहे, तिच्यावर त्या गायिकेचा आवाज आहे.