कोरगावच्या सड्यावरचे पांडव

माझ्या कोरगावच्या घरमालकांइतका, म्हणजे आबांइतका, इतिहास अख्ख्या पेडण्यात कोणी घडवला नसेल. तोही जांभ्या दगडाच्या चिऱ्यांतून. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी त्यांनी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, काजूंच्या पलीकडे, चिरे उभे करून मोठं रिंगण घातलं आणि ते पांडवांच्या काळचं म्हणून दाखवायला लागले. चिरे खाणीत कापून उभे केले ते मी; सातवीत शाळा सोडून पोटामागे गडहिंग्लजकडून आलेला, त्यांच्या पडवीत राहणारा. कारण विचारलं तर आबा म्हणाले, "राज्य जालें मरे! राज्याक इतिहास नाका? त्या साखळी गांवाक किल्लो आसा. आमच्या सड्यार कितें? काजू!"

चिऱ्यांवर शेवाळ धरावं म्हणून ते त्यांना ताक पाजत. त्यांच्या बायको, काकी, पडवीतून ओरडायच्या, "घरच्या मनशांक ना, आनी फातरांक ताक!" आमच्याशी आबा कोंकणीत भांडत, दगडांशी मात्र मराठीत बोलत. आरत्या-भजनं मराठीत, म्हणजे पांडवांना तीच कळणार! धुक्याच्या सकाळी "धर्मराज, थंडी वाजते का?" असं ऐकू आलं, की मीच पांघरूण ओढून घेई. आणि खरं सांगतो, त्या धुक्यात मलाही तिथे कोणी बसलेलं दिसे.

मग पणजीहून इतिहासाच्या एक प्राध्यापक बाई आल्या. मागून अर्धा गाव. भायल्याने, बाहेरून आलेल्याने, म्हाताऱ्याला नादी लावलं, अशी कुजबुज होतीच. दगड खोटे ठरले की माझी पडवी सुटणार. बाईंनी चिऱ्यावर बोट फिरवलं, हत्याराचे ताजे घाव पाहिले आणि हसल्या. "आजोबा, हे तर कालपरवाचं. खोटंच की!"

"घाटयान घडयल्यात ते!" मागून कोणीतरी टोमणा मारला. घाटी म्हणजे घाटावरून आलेला, मी.

आबा जराही ओशाळले नाहीत. "खोटें न्हय, बाय. जुनें जावंक लागलां. वेळ लागता." जुनं व्हायला लागलंय, वेळ लागतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून गावाकडे वळले. "ह्याचेंय तशेंच. घाटी म्हणून आयलो, आतां गांवचो जावंक लागला. ताका कोणे हालोवपाचो ना."

काकींनी सगळ्यांना चहाला बोलावलं, आणि माझ्या पडवीचा विषय त्या चहात विरघळून गेला.

आता आबा नाहीत. परवा एक पाहुणा रिंगण पाहून विचारत होता, हे कोणी घातलं? मी तोंड उघडायच्या आधीच शेजारची म्हातारी म्हणाली, "आमच्या गांवच्यान," आणि हनुवटीने मला दाखवलं.

आबांना हे सांगायचं म्हणून मी संध्याकाळभर सड्यावर बसून राहिलो.