परमिट परत आलं नव्हतं

"मॅडम, लाइन चालू करा हो. बाबाची ऑक्सिजनची मशीन बंद पडली आहे," फोनवरचा माणूस म्हणाला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी वीज सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. इथून मनीषनगरच्या बाजूला जाणाऱ्या लाइनला आम्ही फीडर म्हणतो. तो चालू-बंद करायचा स्विच माझ्या खोलीत. त्या दुपारी एका खांबावरचं इन्सुलेटर फुटलं होतं. आमचा लाइनमन दिलीप माझ्याकडून परमिट घेऊन वर चढला होता. परमिट म्हणजे मी त्याला दिलेला शब्द, की तू खाली उतरून स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत मी वीज सोडणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालत नाही, मग तो साहेब का असेना. तोवर स्विचवर 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लटकते.

काम एव्हाना आटपायला हवं होतं. पण दिलीपचा फोन बंद येत होता.

"घरी सिलेंडर नाही का?" मी विचारलं.

"होता. सकाळीही लाइट गेली होती, तेव्हाच संपला. भाऊ दुसरा आणायला गेला आहे. अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्यात आहे. तुम्ही फक्त चालू करा."

"लाइनवर आमचा माणूस आहे, दादा. त्याचा फोन लागून नाही राहिला."

"म्हणजे माझ्या बापानं मरायचं?"

"थांबा, साहेबांना विचारते," म्हणून मी फोन ठेवला. मी पावडे साहेबांना फोन लावला. ते आमचे ज्युनिअर इंजिनिअर.

"ताई, झालं असेल त्याचं. चार्ज करून टाका," ते म्हणाले. चार्ज करणं म्हणजे वीज सोडणं.

"उतरला का तो?"

"उतरलाच असेल."

"असेल नको सर. पाहून सांगा."

"पेशंट मेला तं जबाबदारी कोणाची?"

"माझी. दिलीप चिकटला तरी माझीच."

ते चिडले. पण माणूस वाईट नाही, स्वतःच गाडी काढून दिलीपला शोधायला निघाले. मला जागा सोडता येत नव्हती. त्या मुलाचे फोन येत राहिले आणि मी प्रत्येक वेळी उचलला. शेवटच्या वेळी मागे बाईचं रडणं ऐकू आलं. मला त्या क्षणी पाटी फेकून द्यावीशी वाटली. मग फोन यायचे थांबले.

बऱ्याच वेळानं पावडे साहेबांच्या फोनवरून दिलीप बोलला. "ताई, मी दिलीप. खाली आहो मी. परमिट परत घ्या."

"सोबतची माणसं? सामान?"

"सगळं खाली आहे."

मी पाटी काढली, वीज सोडली आणि त्या घरी फोन लावला. भलत्याच कुणीतरी उचलला. आता गरज नाही, म्हणाला.

दिलीप केव्हाच उतरला होता. बाजूच्या गल्लीतल्या लोकांनी त्याला गाठलं. त्यांची लाइन दुसऱ्या फीडरवरची, तिथला फ्यूज उडाला होता. एवढं करून मग परमिट परत देऊ, असं म्हणून तो गेला. फोनची बॅटरी उतरली आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी तो आला. "काहून नाही केली चालू, ताई? मी तं उतरलो होतो ना."

"मले कोणी सांगितलं, दिलीपभाऊ?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. "झोपा नव्हतो काढून राहिलो मी. लोकायचंच काम करून राहिलो होतो."

"माहीत आहे मले."

तेच जास्त लागतं. कामचुकार असता तर मी त्याला धुऊन काढला असता. चौकशीत त्याच्यावर कारवाई झाली आणि मी नियमाप्रमाणे वागले असं ठरलं. ते ऐकून मला जराही बरं वाटलं नाही.

वडिलांची तेरवी झाल्यावर तो मुलगा सबस्टेशनवर आला. भांडायला आला असावा असं वाटून मी उभी राहिले. त्यानं विचारलं, "परत असं झालं तं?"

खोटं बोलता आलं असतं. "तरी नाही करणार, दादा," मी म्हटलं.

त्यानं स्विचकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या लाइनमनले सांगा, उतरल्यावर आधी एक फोन करत जा म्हणा. बस."

मी हो म्हटलं. यापेक्षा मोठं मलाही दिलीपला काही शिकवता येणार नाही, आणि एवढ्या महागात पडलेलं शिकणं मी दुसरं पाहिलेलं नाही.