फ्रिजमध्ये न ठेवलेल्या कुप्या

कालपर्यंत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — जमेल तसं.

सांवेर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये दह्याच्या विरजणाचे जिवाणू वाढवून, गोठवून डेअऱ्यांना पाठवतात. गोठवताना बरेचसे मरायचे. मी तिथली जुनी. मधुरा नवी, नुकतीच एमएस्सी झालेली — मला ताई म्हणायची. ती लॅब चालवणाऱ्या सरांना म्हणाली, जिवाणूंना एकदम गोठवू नका, आधी काही तास फ्रिजच्या थंडीत राहू द्या. थंडी जाणवली की त्यांचे काही जीन्स जागे होतात, पेशीला सांभाळणारी प्रोटीन्स बनू लागतात. तेवढा वेळ मिळाला तर ते गोठणंही सोसतात.

सर म्हणाले, करून बघा.

नेमकी प्रयोगाच्या दिवशी मधुरा तापाने घरी. जिवाणूंच्या अर्ध्या कुप्या आधी फ्रिजमध्ये आणि अर्ध्या सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी — मी सगळ्याच सरळ डीप फ्रीजरमध्ये टाकल्या. घरी जायची घाई होती, असं स्वतःला सांगत आले. पण नुसती घाईच होती? इतकी वर्षं मी तिथे, आणि सर कालच्या मुलीचं ऐकत होते — हे मला बघवत होतं का? नव्हतं.

पुढे त्या कुप्यांतून विरजण लावलं, तर दोन्हीकडचं दूध सारखंच पातळ. "किताबी बातें हैं," सर हसून म्हणाले. मधुराने मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी वर तिची समजूत घातली — होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. काही महिन्यांनी ती राऊच्या एका कॉलेजात शिकवायला गेली.

काल तिचा फोन आला. विद्यार्थ्यांना घेऊन तिने तोच प्रयोग पुन्हा केला होता. थंडीत ठेवलेले जगले, दही घट्ट लागलं. आवाजात नुसता आनंद. म्हणाली, "ताई, तेव्हा माझंच काहीतरी गलत झालं असणार."

"तुझं नाही. मी त्या फ्रिजमध्ये ठेवल्याच नव्हत्या, मधुरा. एकही नाही."

ती हळूच म्हणाली — "म्हणजे ते तेव्हाही जगले असते."

"हो."

तिने फोन ठेवला.

आज सकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधुराचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच लावला. मी बाहेर आले, दार लोटलं. आतून त्यांचे प्रश्न ऐकू येत होते, आणि मध्येमध्ये बराच वेळ काहीच नाही — ते ऐकत होते.