अर्जातलं कारण

परंदवडीजवळच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये मी ऑफिस सांभाळते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच, आणि शिकलेली म्हणून तिथल्या बायकांचे रजेचे अर्जही मीच लिहिते. कारण काहीही असो, मी 'ताप' लिहून मोकळी होते. साहेबांना तेवढंच पटतं.

फुलांची प्रतवारी करणाऱ्या एक मावशी आहेत. दांडा हातात घेतला की त्या लांबी सांगतात; कुणी पट्टी लावून पाहिली तर चिडतात. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, नसांचा आजार. पाय जड पडतात ते सगळ्यांना दिसतं. पण यंदा त्या बोलायच्याच बंद झाल्या. फुलं हातात धरून रडायच्या.

तीन आठवड्यांची रजा मागायला आल्या, तेव्हा मी सवयीने 'ताप' लिहिलं. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"येवढी शिकलीस आन खोटं लिवतीस व्हय? मन खचलंय माजं. डॉक्टरीन म्हनली, ह्ये बी त्याच आजारातलं हाय, औषध हाय त्याला. तसंच लिव."

"मावशी, साहेब वेडी समजून कामावरून काढतील."

"मंग माज्या तोंडावर सांगू दे की."

मी 'नैराश्य' लिहिलं. अर्ज घेऊन त्या स्वतःच आत गेल्या. साहेबांनी तो दोनदा वाचला, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि सही केली.

रजा संपली त्या सकाळी मावशी हजर. पाय तसेच जड होते, आवाज मात्र परत आला होता. त्यांच्या टेबलापाशी नवी बाई उभी होती.

"सरक गं भवाने, माजी जागा हाय ती. रजेवर गेलते, मेले न्हवते!"