अठरा एमएमचा सिगार

मी आयुष्यात एकच सिगार ओढला, आणि तोही नोकरी टिकावी म्हणून.

आठवीनंतर शाळा सुटली. मग इकडंतिकडं करत विशीत मी भंडाऱ्याकडून थेट नाशिकला आलो आणि पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या एका पॅकहाऊसवर लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बोटीनं परदेशी जाणारी द्राक्षं तिथं निवडून, पेट्यांत भरून गार करून ठेवायची. माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. मी 'मले' म्हटलं की मुकादम मागून 'तुले, तुले' करायचा. पण डबा उघडला की पहिली हाक मलाच मारायचा, त्यामुळं त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

मालक देवमाणूस. राहायला पत्र्याची खोली दिली, पहिल्या थंडीत घरची गोधडी दिली, पायात चपला नाहीत हे बघून स्वतःच्या दिल्या. त्या मला दोन नंबर मोठ्या होत्या, पण मी फटक फटक करत अभिमानानं हिंडायचो. मालकांनी 'विहिरीत उतर' म्हटलं असतं तर मी 'कोणत्या?' एवढंच विचारलं असतं.

भीती होती ती एप्रिलची. द्राक्ष संपलं की मालक चार-पाच जणांना वर्षभरासाठी ठेवून घ्यायचे आणि बाकीच्यांना 'पुढच्या सीझनला या' म्हणायचे. मला परत जायचं नव्हतं. आई घरी बिड्या वळायची, आणि बिड्या वळता वळता तिनं गावभर सांगितलं होतं की पोरगा नाशिकला कंपनीत चिकटला. चिकटलेला माणूस एप्रिलात पिशवी घेऊन एसटीतून उतरला तर तिनं काय सांगायचं?

मार्चमध्ये मुंबईहून एक साहेब आले. एवढा मोठा माल उचलणारी पार्टी आमच्याकडं पहिल्यांदाच येत होती. बोलता बोलता त्यांनी खिशातून एक लांबट, तपकिरी, सोनेरी कागदाचा पट्टा घातलेला सिगार काढला आणि मालकांच्या हातात ठेवला.

"हाताने वळलेला आहे. निवांत ओढा. गुरुवारी कन्टेनर भरायला येतो, तेव्हा कसा वाटला ते नीट सांगा. उगाच छान छान म्हणू नका, मला आवडत नाही."

"आपल्याला लय शौक आहे साहेब," मालक बोलून बसले.

खरं तर डॉक्टरांनी मालकांचं धुराचं आणि गोडाचं, दोन्ही बंद केलं होतं, आणि वहिनी रोज संध्याकाळी दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या.

पण वस्तू महागाची, तेव्हा आधी ती सांभाळायला हवी. मालकांनी ती सांभाळली, अगदी जीव लावून. द्राक्षाच्या पेटीत आम्ही गंधकाचा एक कागद घालायचो, बोटीत बुरशी धरू नये म्हणून. मालकांनी रिकामी पेटी मागवली, खाली गंधकाचा कागद, मध्ये सिगार, वर आणखी एक गंधकाचा कागद, पेटीतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड नीट दुमडलं आणि पेटी कोल्ड स्टोरेजच्या मधल्या फळीवर ठेवली. "आता महिनाभर हालत नाय," म्हणाले.

बुधवारी त्यांनी मला बोलावलं. पेटी समोर होती.

"तुझी आई बिड्या वळते ना रे?"

"होय मालक."

"मग तुला तंबाखूतलं कळत असंल."

"मी ओढत नाही मालक. कधीच नाही."

"माझी आई भाकरी थापायची. मी कधी थापली का? पण भाकरीतलं मला कळतं का नाय?"

"कळतं."

"मग झालं तर. हा ओढ, आणि काय काय वाटलं ते मला सांग. खरं सांग, तो माणूस खोटं लगेच पकडतो. ही पार्टी टिकली तर एप्रिलचं तुझं बघू."

झालं. माझा एप्रिल त्या सोनेरी पट्ट्यात गुंडाळला गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी क्रेटच्या थप्पीमागं बसलो. एकट्याला धीर होईना म्हणून मुकादमाला बोलावलं, आणि चहा करणारी मावशी न बोलावता आली. मला तपासणीची एकच पद्धत ठाऊक होती, म्हणून द्राक्षमण्याचा आकार मोजायची भोकांची पट्टी काढली. सिगार सोळाच्या भोकात जाईना, अठराच्यात अलगद बसला.

"अठरा एमएम," मी म्हणालो.

"एक्स्पोर्ट," मुकादम गंभीरपणे म्हणाला.

रंग एकसारखा, डाग नाही, चीर नाही. इथपर्यंत मला घाम फुटला नव्हता. मग पेटवायचं टोक कोणतं यावर वाद झाला. मुकादम म्हणाला, गोल टोक पेटवायचं. मावशी म्हणाली, गोल टोक तोंडात, बाळाच्या चोखणीसारखं. शेवटी द्राक्षाचे घड विरळायच्या कात्रीनं दोन्ही टोकं कापली. कापलेला एक तुकडा मुकादमानं तळहातावर घेतला, चुना लावला, अंगठ्यानं मळला आणि ओठाखाली सारला. दुसरा मावशीनं चहाच्या गॅसवर तव्यात भाजला, वाटीनं चुरला आणि मिश्रीसारखा दातांना घासू लागली.

उरलेला मोठा भाग माझा. मी जोर लावून ओढला आणि धूर गिळला. गिळायचा नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं मला तुटक आठवतं. क्रेटची थप्पी हळूहळू डावीकडं निघाली होती. मला उचकी लागली होती आणि मावशी पाठ चोळत होती.

"काय वाटतंय ते बोल," मुकादम म्हणाला. "मालकांना सांगायचंय."

"फुलबाजी," मी म्हणालो. "दिवाळीतली. विझल्यावर नाकात जाते ती."

"बरोबर हाय!" मावशी म्हणाली. "मला बी तसंच लागतंय. आन् हिरड्या गार पडल्या."

"चुन्यात रंगत नाय पण," मुकादमानं आपलं मत दिलं.

मी प्रामाणिकपणे सगळं मालकांना सांगितलं. खरं सांग म्हणाले होते ना!

गुरुवारी साहेब आले. मी पाण्याचे ग्लास घेऊन शेजारी उभा होतो.

"मग? कसा वाटला?"

मालकांनी डोळे मिटले आणि पाठ केलेलं सुरू केलं. "साहेब, साईज अठरा एमएम. रंग एकसारखा. ओढला की असं वाटतं दिवाळी आली, फुलबाजी लावली. उचकी लागते, पण चांगली. हिरड्या गार पडतात. चुन्यात तेवढा रंगत नाय."

"चुन्यात?"

मालकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. मी ग्लासांकडं बघितलं.

साहेब हसले नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरलो. त्यांनी खिशातून दुसरा सिगार काढला, हुंगला आणि माझ्या नाकाशी धरला. "ह्याला येतो का फुलबाजीचा वास?"

नव्हता येत. गोडसर, जुन्या लाकडी कपाटासारखा वास होता.

"ठेवला कुठं होता तुम्ही?"

"कोल्ड स्टोरेजला!" मालक छाती काढून म्हणाले. "खाली गंधकाचा कागद, वर कागद. तुमच्या द्राक्षाला एकच घालतो, ह्याला दोन."

आता मात्र साहेब हसू लागले. रुमालानं डोळे पुसले, परत हसले आणि मग एकदम थांबले. "चार दिवसांत सिगारला फटाक्याचा वास लागला. माझी द्राक्षं तर बोटीत किती दिवस असणार! कागद नीट घातलेत ना? थप्प्या उघडा. चाखून बघू."

मालकांचा चेहरा उतरला. चाखणार कोण? मालकांना गोड बंद. साहेब सिगारवाले, बाकीचे गडी तंबाखूवाले. मुकादमाच्या ओठाखाली तर सकाळपासून तंबाखू. मावशीला मिश्रीपुढं तिखटाचीही चव कळायची नाही. सगळे माझ्याकडं वळले. मला तंबाखूतलं काही कळत नव्हतं म्हणून बुधवारी माझी पंचाईत झाली होती, आणि गुरुवारी तंबाखूची सवय नसलेलं तोंड अख्ख्या पॅकहाऊसमध्ये एकच निघालं.

मी दुपारभर द्राक्षं खाल्ली. प्रत्येक थप्पीतून एक पेटी, प्रत्येक पेटीतून दोन मणी. सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. "गोड," मी म्हणायचो, आणि मालक श्वास सोडायचे. दाराजवळच्या थप्पीशी आलो आणि थांबलो.

"काय रे?"

"फुलबाजी, मालक."

पेटी उपसली तर एकाऐवजी दोन कागद, एकमेकांना चिकटून गेलेले. त्या थप्पीत तशा बऱ्याच पेट्या निघाल्या. त्या बाजूला काढल्या आणि संध्याकाळी कन्टेनर भरून गेला. एवढी द्राक्षं खाऊन मला पळावं लागलं होतं, म्हणून साहेबांचं जातानाचं बोलणं मी खोलीमागच्या संडासातून ऐकलं.

"ह्या पोराला जाऊ देऊ नका."

"जातोय कुठं तो?" मालक म्हणाले. "मी कधी जा म्हटलं त्याला?"

मी तिथंच, नको त्या अवस्थेत बसल्या बसल्या रडलो.

दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आईला बोलावून आणलं.

"आई, मले वर्षभरासाठी ठेवलं."

"बरं झालं बाप्पा! काम कोणतं देल्लं?"

"चाखाचं. द्राक्षं खायची आणि गोड आहेत का ते सांगायचं."

पलीकडं आईनं दुकानदाराला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

"खरं सांग पोरा," आई हळूच म्हणाली, "तुले काढलं ना?"