ठिपकीच्या गळ्यातला दोरा

काजवाल्या काकूंच्या हातून गेलेला शर्ट कधी परत आला नाही, असं कारखान्यातला कटिंगमास्तर सांगे. यंत्रावर काजं करून देणारे गल्लोगल्ली होते, पण जाड कापडाच्या शर्टांचे गठ्ठे अजून काकूंच्याच दारी येत. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. "शर्ट लोकांच्या अंगावर जातात, माझ्या वाट्याला नुसती भोकं," असं त्या हसून म्हणत.

स्वयंपाकघरातून परसात उतरायच्या दाराशी त्यांची खुर्ची. नाकावर चष्मा, मांडीवर शर्ट आणि पायाशी त्यांची कोंबडी, ठिपकी.

ठिपकी मूळची शाळेतली. काकूंचे यजमान शाळेची व्हॅन चालवत. विज्ञानाच्या बाईंनी एकदा वर्गात दिव्याच्या उबेवर अंडी उबवली. पिल्लं निघाली, मुलांनी ती वाटून घेतली आणि त्यातल्या एकाने आई ओरडेल म्हणून आपलं पिल्लू सीटखाली सोडून दिलं. "शेवटचा थांबा आला तरी उतरायचं नाव नाही हिचं," म्हणत यजमानांनी ते खिशातून काढलं तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला होता. पण महिन्याभरातच "खाल्लंस का गं?" हे यजमानांच्या आधी तिला विचारलं जाऊ लागलं.

"या घरात माझा नंबर दुसरा," यजमान म्हणत.

"पहिलीवाली अंडी तरी देते," काकूंचं उत्तर तयार असे.

मंगळवारी दुपारी ठिपकीच्या चोचीतून वीतभर पांढरा दोरा लोंबताना दिसला. काज झालं की काकू उरलेला दोरा कापून खाली टाकत आणि संध्याकाळी सगळं एकदम झाडत. त्यातलाच एखादा गुंता तिने गिळला असावा. काकूंनी तिला उचललं, चोच धरली आणि लोंबता दोरा दिसला की त्यांचे हात तीस वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. छोट्या कात्रीने दोरा चोचीला लागून सफाईने कापला. आत राहिलेलं टोक ठिपकीने एका आवंढ्यात गिळून टाकलं. काकूंनी तिला खाली सोडलं आणि पुढचं काज घेतलं.

बुधवारी ठिपकीने दाण्यांत चोच घातली आणि तशीच बाहेर काढली. गुरुवारी सकाळी ती पिसं फुलवून कोपऱ्यात बसली होती. तुरा फिका पडला होता. गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते, ती सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. काकूंनी चाचपलं तर तिथे लिंबाएवढी टणक गाठ.

जनावरांच्या दवाखान्यात दोन कुत्री आणि एक शेळी यांच्यानंतर त्यांचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण हात धिमा होता.

"दोऱ्याचा गुंता झालाय. टोक बाहेर दिसलं होतं का कधी? टोक असलं की कुठे अडकलंय ते तरी कळतं, काही करता येतं."

यजमानांनी काकूंकडे पाहिलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

"फाडून काढता नाही का येणार?" यजमानांनी विचारलं.

"तेवढी ताकद नाही राहिली हिच्यात. टेबलावरच जाईल. तेलाचे थेंब पाजा, हलक्या हाताने चोळा. बघू."

मग दोन दिवस ते 'बघू' चाललं. कुकर लावायचा, ठिपकीला चोळायचं, दोन काजं घालायची, पुन्हा चोळायचं. कटिंगमास्तरचा फोन आला.

"काकू, गठ्ठ्याचं काय?"

"कोंबडी आजारी आहे हो."

"मग काय, आज बेत जोरात!"

काकूंनी फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी यजमान समजूत घालायला म्हणून बोलले, "तू कशाला जिवाला लावून घेतेस? कोंबडीच ती, दिसेल ते टोचणार."

"दोरा मी कापला," काकू म्हणाल्या.

"कुठला दोरा?"

"चोचीतला. टोक बाहेर होतं. मीच कापलं."

यजमानांच्या हातातला कप तसाच राहिला. "मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर..." पुढचं त्यांनी गिळलं. दिवसभर ठिपकीला चोळायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या चिकनवाल्याला घेऊन आले. त्याने उकिडवं बसून तळव्याने गाठ चाचपली.

"काकू, हिला भूक आहे आणि खाता येत नाही. आणखी दोन-चार दिवस असेच जातील. माझ्याकडे द्या. तिला कळणारही नाही."

"नाही."

"विकायला नाही मागत मी."

"कळतंय मला. तरी नाही."

तो उठला. "मन बदललं तर हाक मारा."

रविवारी दुपारी ठिपकी मान लांब करायची, चोच उघडायची, आवाज यायचा नाही. मग मान खाली पडायची. पाजलेलं तेल चोचीच्या कडेने बाहेर यायचं. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्याच्याने नाही व्हायचं ते," यजमान आपणहून म्हणाले.

"तुम्हाला कोण सांगतंय?" काकूंनी पायात चपला सरकवल्या.

चिकनवाल्याचं शटर खाली होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "बहिणीकडे गेलाय. उद्या सकाळी उघडेल. नाक्यापलीकडे आहे एक दुसरा, पण त्याचं काम सगळं घाईचं."

काकू नाक्याच्या दिशेने आठ-दहा पावलं गेल्या. अनोळखी माणसाला जाऊन नेमकं काय म्हणायचं, तेच तोंडाशी येईना. त्या माघारी वळल्या.

यजमान टॉवेलात ठिपकीला धरून बसले होते. "काय म्हणाला?"

"बंद आहे. उद्या उघडेल."

काकूंनी तिला मांडीवर घेतलं. अंगाला वजन असं राहिलंच नव्हतं. जे काही होतं ते त्या गाठीचं. ठिपकीने एक डोळा उघडला आणि तो उघडाच ठेवला.

"तेल आणू?"

"नको."

"पाणी?"

"तेही नको. नुसते बसा तुम्ही."

ते पायरीवर बसले. साडेतीन वाजले होते. सकाळ अजून फार लांब होती.